डबीत दिसतो तसा रंग

१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार, तू कशी आहेस, आम्ही सगळे मजेत, हे सगळं लिहून झालं असं धर. खरं तर आम्ही मजेत नाही, म्हणूनच पत्र लिहायला बसलेय. फोन केला असता, पण दिवसभर बसस्थानकाच्या माइकवर बोलून घरी आलीस की तू फोनवर नुसती 'हं, हं' करतेस. या वेळी मला 'हं' नकोय.

सांगूनच टाकते. मला कोड आलंय. डाव्या डोळ्याभोवती एक डाग आहे आणि ओठाच्या कोपऱ्याशी दुसरा. डोळ्याजवळचा आधी मटारच्या दाण्याएवढा होता, आता पापणीवरून खाली गालापर्यंत उतरलाय. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून बघितलं. म्हणाल्या, कोडच आहे, लागण होत नाही, जिवाला धोका नाही. औषध घ्यायचं, रंग परत येईल किंवा येणार नाही. येईल किंवा येणार नाही, हे तर मलाही सांगता आलं असतं!

तुला माहीतच आहे मी कुठे उभी असते. चार मजली दुकान, शिरल्या शिरल्या डावीकडे मेकअपचं काउंटर, आणि त्यामागे मी. म्हणजे होते. मागच्या आठवड्यात मॅनेजरबाईंनी बाजूला घेऊन अगदी गोड आवाजात सांगितलं, "गिऱ्हाईक आरशात बघायला येतं गं, पण त्याला आधी तू दिसतेस." दुसऱ्या दिवसापासून मी तळघरातल्या स्टॉकरूममध्ये. खोकी फोडायची, डब्या मोजायच्या, वर पाठवायच्या. माझी मैत्रीण जिराफ (उंच आहे म्हणून जिराफ, मनाने अगदी कोकरू) माझ्या जागी उभी राहते आणि दर तासाला खाली येऊन माफी मागून जाते. जसं काही तिनेच माझ्यावर रंगाचा ब्रश फिरवलाय.

त्यात वसंताचा नवा सेट आलाय. जर्दाळू, कोवळं पान, फिकी जांभळी, अशा एकेक शेड. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी आमच्या बाजारपेठेची वसंतदौड. तीन किलोमीटर, बॅंड, फुगे, कागदी फुलांच्या कमानी, जो तो काहीतरी रंगीबेरंगी घालून पळतो. दुकानाच्या मुली गुलाबी टी-शर्ट घालून, नवा मेकअप करून पळतात, ती दुकानाची जाहिरात. गेल्या वर्षी आमच्यात मी पहिली आले होते. यंदा मॅनेजरबाई म्हणाल्या, "तू यंदा विश्रांती घे."

बाबा म्हणतात, नोकरी सोड, बरं वाटेपर्यंत घरात राहा, कुणाला कळायची गरज नाही. जणू मी आजारी आहे. आई कांदा चिरायला बसते आणि त्या निमित्ताने रडते.

आत्या, तुझ्या चेहऱ्याबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही. पण मला लहानपणापासून माहीत आहे. सुट्टीत तुझ्याकडे आले की तू रोज माझ्याआधी उठून तयार असायचीस. तुझ्या गालाची पापी घेतली की माझ्या ओठांना पावडर लागायची. तुझा उघडा चेहरा मी एकदाही पाहिलेला नाही.

तर दोन प्रश्न. तू हे कसं करतेस? आणि का करतेस? पहिल्याचं उत्तर दिलंस तरी चालेल.

तुझी,
भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा केबिनमध्ये वाचताना एका गाडीचा फलाट चुकीचा सांगितला गेला आणि साठेक माणसं सामान घेऊन इकडून तिकडे पळाली. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

सोबत एक डबी पाठवली आहे. तुझ्या काउंटरवरचं फाउंडेशन याला उपयोगाचं नाही, ते पातळ असतं. हे घट्ट असतं, मेणासारखं. आपल्या रंगापेक्षा किंचित गडद घ्यायचं. बोटाच्या उबेने मऊ करायचं आणि डागावर थोपटत लावायचं. कडा बाहेरच्या बाजूला विरवायच्या. मग पावडर सढळ हाताने दाबायची आणि तशीच बसू द्यायची. तेवढ्यात चहा करून घेता येतो. नंतर मऊ ब्रशने जास्तीची पावडर झटकायची. उजेड खिडकीचा हवा, दिव्याचा फसवतो. पुढेमागे हातावर डाग आले तर ते झाकायला जाऊ नकोस, हात धुतले की सगळं जातं. मी पूर्ण बाह्या घालते आणि जमेल तिथे मोजे.

हे रोज करायचं. सवय होते. मला आता आरसाही फारसा लागत नाही.

मॅनेजरबाईंना हे करून दाखव, त्या तुला काउंटरवर परत घेतील. दौडीचं मात्र डोक्यातून काढून टाक. दादा जे म्हणतो ते काळजीपोटी म्हणतो, त्याच्याशी भांडू नकोस. वहिनीला सांग, कांदे कमी चीर.

तुझी,
आत्या


७ मार्च

प्रिय आत्या,

डबी मिळाली. तू सांगितलंस तसंच केलं, अगदी चहासकट. आरशात बघितलं आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं, आनंदाने. मी परत दिसायला लागले होते. आईने तर माझी दृष्टच काढायची बाकी ठेवली होती. मॅनेजरबाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आंबा पिकलाय का बघतात ना, तसा. म्हणाल्या, "कमाल आहे! जा वर." मी वर गेले. तीन दिवस मी काउंटरवर होते आणि दौडीच्या चमूतही.

चौथ्या दिवशी सगळ्या मुली दुकान उघडायच्या आधी सरावाला गेलो. बाजारपेठेतून तळ्यापर्यंत आणि परत. तळ्यापर्यंत मी पुढे होते, मस्त वाटत होतं. परतताना मानेला काहीतरी ओलं लागलं. हात लावला तर बोटं तपकिरी. जिराफ माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही, म्हणजे तिला दिसलं होतं. गुलाबी टी-शर्टच्या कॉलरवर मातकट ओघळ, आणि चेहऱ्यावर काय असेल ते मी दुकानाच्या काचेत बघितलं. आत्या, नुसता डाग असता तर मला काही वाटलं नसतं. पण ते अर्धवट पुसलेलं, चिखलासारखं, कुणीतरी चोरी करताना सापडावं तसं दिसत होतं. मी काय चोरलं होतं?

मॅनेजरबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी टी-शर्ट परत मागितला आणि मला पुन्हा तळघरात धाडलं. "दुकानाची जाहिरात आहे, समजून घे." मी समजून घेतलं. टी-शर्ट तिथेच काढून देता येत नव्हता, नाहीतर तिथेच दिला असता.

मग मी जेवणाच्या सुट्टीत चौकात गेले आणि माझं नाव एकटीचं म्हणून नोंदवून आले. दुकानाकडून नाही, कुणाकडूनच नाही. तिथल्या काकांनी विचारलं, "संस्थेचं नाव?" मी म्हटलं, "भिंगरी." त्यांनी लिहूनही घेतलं.

बाबांना कळलंय. घरात दोन दिवस भांड्यांचेच आवाज.

आता तू मला फक्त एक सांग. पळताना हे टिकवायचं कसं? तुझ्याकडे काहीतरी युक्ती असणारच. इतकी वर्षं तू हे करतेयस.

तुझी,
भिंगरी


१३ मार्च

चि. भिंगरी,

पळताना टिकत नाही. युक्ती नाही. मी सगळं करून बघितलंय. घाम आला की जातंच. म्हणून मी घाम येईल असं काही करत नाही. उन्हाळ्यात जिना चढताना मध्ये थांबते, लोकांना वाटतं, बाईंना दम लागतो. मला दम लागत नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता द्यावंच लागेल.

मी धावायचे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आमच्या शाळेत माझ्या पुढे कुणी नव्हतं, मुलंसुद्धा नाहीत. सोळाव्या वर्षी गुडघ्यावर पहिला डाग आला, मग नडगीवर. धावायला तेव्हा आखूड चड्डी असे. प्राथमिक फेरीच्या दिवशी कुंपणावर बसलेली मुलं 'झेब्रा, झेब्रा' ओरडत होती. मी जिंकले. ओरडणाऱ्यांचा मला उलट उपयोगच झाला. पण दादाने त्यातल्या एकाला खाली ओढलं आणि बडवलं, आणि बाकीच्यांनी मिळून दादाला. ओठ फाटून घरी आला.

अंतिम फेरीच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसला. म्हणाला, "तू उद्या पळू नकोस ना. कुणाकुणाला मारू मी?" आणि रडायला लागला. एवढा आडदांड मुलगा. मला त्याची दया आली. त्याने रडायचं थांबावं म्हणून मी माझी शर्यत त्याला देऊन टाकली. एका रुमालासारखी.

नंतर चेहऱ्यावरही आलं. ही नोकरी दादानेच शोधली. सायकल दामटत आला होता बातमी सांगायला, "तिथे फक्त आवाज लागतो, काचेमागे बसायचं, कुणी बघत नाही!" त्याला इतका आनंद झाला होता की मलाही झाला. आता या शहरात माझा आवाज सगळ्यांना माहीत आहे. भाजी घेताना बोलले की भाजीवाला वर बघतो, "अहो, तुम्हीच का त्या!" आणि मी पिशवी उचलून निघते, त्याने नीट बघण्याआधी.

तुझ्या बाबाचा राग धरू नकोस. तो वाईट नाही. त्याला अजून वाटतं, त्याला प्रत्येकाला मारावं लागेल.

मला विचारशील तर अजूनही सांगेन, पळू नकोस. लोक चांगले नसतात. तू आता हट्टाने पळशील आणि नंतर एखादी हाक आयुष्यभर कानात बसेल.

पण पळणारच असशील, तर डागांना ऊन फार लागतं. सनस्क्रीन जाड लाव, निघण्याच्या बरंच आधी, आणि डोळ्याभोवती जपून. मी सांगितलं नाही असं नको व्हायला.

तुझी,
आत्या


१९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी बाबांसमोर मोठ्याने वाचलं. ते म्हणाले, "पुरे." मी शेवटपर्यंत वाचलं. मग ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि कुंडीतल्या रोपाची चांगली पानंही तोडून टाकली.

नंतर आत येऊन म्हणाले, "तिने ऐकलं माझं. तिचं काही वाईट झालं का? नोकरी आहे, घर आहे, मान आहे."

मी म्हटलं, "बाबा, तिचा गाल कधी पाहिलाय का तुम्ही, इतक्या वर्षांत?"

मी पळणार आहे आणि ते बघायला येणार नाहीत, एवढं ठरलं.

आता मजा ऐक. स्टॉकरूममध्ये नव्या सेटचे टेस्टर माझ्याच हाताखाली असतात. गेली तीन वर्षं मी बायकांना असले फिके रंग विकतेय आणि तीन वर्षं एकच तक्रार ऐकतेय, "डबीत किती गोड दिसतो, लावल्यावर दिसतच नाही!" खरंच आहे, आपल्या सावळ्या कातडीवर ते जर्दाळू नि कोवळं पान राखेसारखं दिसतं. परवा मी सहज ते हिरवं बोटावर घेतलं आणि डोळ्याच्या डागावर फिरवलं. आत्या! डबीत दिसतो तस्सा रंग! कोऱ्या कागदावर उठावा तसा. ओठाच्या कोपऱ्यावर जर्दाळू लावला, तोही तसाच. मी खोक्यांच्या मधोमध उभी राहून एकटीच हसत सुटले. या दुकानात हे रंग नीट दिसतील असा एकच चेहरा आहे, आणि तो यांनी तळघरात ठेवलाय.

म्हणून ठरलं. झाकायचं नाही. डागावरच रंगवायचं, कडा अगदी रेखीव, सगळ्यांना कळेल इतक्या ठळक. आधी तुझं सनस्क्रीन, मग रंग. ओघळलं तर ओघळलं. रंग ओघळलेला बरा दिसतो, खोटी कातडी ओघळलेली बरी दिसत नाही.

तू ये. तळ्याच्या वळणानंतर शेवटचा सरळ रस्ता आहे, तिथे उभी राहा. मला तिथे कुणीतरी आपलं हवंय. येशील?

भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरी,

रविवारी माझी ड्यूटी आहे. बदली मिळण्यासारखी नाही. जमणार नाही.

सुरुवातीला फार जोर करू नकोस. वळणावर आतल्या कडेने जा. हात सैल सोड.

आत्या


१ एप्रिल

आत्या,

तू आली नाहीस. ठीक आहे. ठीक नाहीये खरं तर, पण आधी सगळं सांगते आणि मग रागावते.

आईने सकाळी माझी वेणी घातली, अगदी घट्ट, डोळे ताणले जातील इतकी. रंगवलेला चेहरा बघून म्हणाली, "अगं बाई," आणि मग थोड्या वेळाने, "ती खालची कड जरा सारखी कर, हिरवं खाली आलंय." तिने स्वतःच्या करंगळीने पुसून सारखं केलं. बाबा आंघोळीला गेले होते ते बाहेरच आले नाहीत.

चौकात नुसता गोंधळ. बॅंडवाल्यांचा ढोल फाटलेला, एक माणूस फुलपाखराचे पंख लावून, एक अख्खं कुटुंब लिंबाच्या पोशाखात. इतक्या रंगांत मला कोण बघणार असं वाटलं, पण बघतातच. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने आपल्या मुलीला मागे ओढलं आणि कुजबुजली, "त्यांना ते आहे, लांब राहा." पूर्वी मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं असतं. मी वळून म्हटलं, "काकू, मला कोड आहे. ते लागत नाही. पण मी जोरात पळते, धक्का लागू शकतो, तेव्हा तेवढ्यापुरत्या सरकून उभ्या राहा." ती लाल झाली. मुलगी म्हणाली, "आई, मला पण तसा हिरवा डोळा पाहिजे."

दुकानाच्या मुली पुढच्या रांगेत होत्या, सगळ्यांच्या पापण्यांवर तीच राख. जिराफने मला पाहिलं आणि मॅनेजरबाईंच्या देखत रांग सोडून मागे माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मॅनेजरबाईंनी हाक मारली, तिला ऐकू आलं नाही. उंच माणसांचे कान जमिनीपासून लांब असतात, त्यामुळे असेल.

मग शिट्टी, आणि पळापळ. मी सुरुवातीला जोर केला नाही, तू सांगितलंस म्हणून. पेठ संपेपर्यंत घाम फुटला. तळ्याजवळ पोरांचं एक टोळकं कठड्यावर बसलं होतं. त्यातला एक ओरडला, "ए जोकर!" आत्या, तू म्हणाली होतीस, एखादी हाक कानात बसेल. बसली. पण तू हेही लिहिलं होतंस की ओरडणाऱ्यांचा तुला उपयोगच झाला. मलाही झाला. मी वळणावर आतल्या कडेने तिघींना मागे टाकलं.

शेवटच्या सरळ रस्त्यावर मी डावी-उजवी दोन्ही बाजू बघत पळत होते. तुला शोधत होते. तू नव्हतीस. पाण्याच्या टेबलाशी कुणीतरी काकू पेला पुढे धरून उभ्या होत्या, त्यांच्या हातचं पाणी घेतलं, अर्धं प्यायले, अर्धं डोक्यावर ओतलं. त्याबरोबर सगळे रंग खाली आले, हिरवा, जर्दाळू, सगळे. मागून कुणीतरी फाटक्या आवाजात "पळ, पळ!" ओरडत होतं. मी अशी पळाले, अशी पळाले, की माझी मलाच भीती वाटली.

बायकांत चौथी आले. दुकानाच्या सगळ्यांच्या पुढे. फोटो काढायला लोक आले आणि मी रंगाचे ओघळ तसेच ठेवून उभी राहिले.

सोमवारी मी तळघरात गेले नाही, सरळ काउंटरवर जाऊन उभी राहिले. डाग उघडे, त्यावर फिकी जांभळी. मॅनेजरबाई आल्या. मी म्हटलं, "हटवायचं असेल तर इथेच, गिऱ्हाइकांसमोर हटवा." समोर दोन बायका टेस्टर बघत होत्या. मॅनेजरबाईंनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, दौडीतला तुझा फोटो खूप फिरतोय, आपण त्याचं मोठं पोस्टर करू, दारात लावू. पण काउंटरवर मात्र नको. मी म्हटलं, "मला पोस्टर नको, काउंटर हवं." आणि बाहेर येऊन उभी राहिले. अजून तरी कुणी हटवलेलं नाही. उद्याचं उद्या बघू. एका बाईने विचारलं, "हा रंग तुम्हाला इतका कसा खुलतो हो?" मी म्हटलं, "त्याला थोडं कोड लागतं, बाई." ती आधी दचकली, मग पोट धरून हसली, आणि डबी घेऊन गेली.

दौडीच्या दिवशी बाबा दुपारी उशिरा घरी आले. कुठे होता विचारलं तर म्हणाले, "कामाने." जेवताना माझ्याकडे न बघता विचारलं, "पाय दुखतायत का?" बस्स, एवढंच. आलेच नाहीत ते, आणि तूही आली नाहीस. फलाट सांगायला एक दिवस दुसरं कुणी मिळालं नसतं का? मी त्या रस्त्यावर प्रत्येक चेहरा पाहिला, आत्या. प्रत्येक.

भिंगरी


६ एप्रिल

माझी भिंगरी,

प्रत्येक चेहरा पाहिलास, आणि माझ्या हातून पाणी घेऊन "थँक्यू काकू" म्हणालीस!

रागावू नकोस. मी ठरवून फसवलं नाही. रविवारी ड्यूटी आहे, हे मात्र खोटं लिहिलं होतं. येण्याची हिंमत होईल की नाही मला माहीत नव्हतं, आणि तू वाट बघावीस आणि मी येऊ नये, हे मला नको होतं. सकाळी डबी उघडली. बोट आत घातलं. आणि मला वाटलं, ती पोर तिकडे उघड्या डागांनी रस्त्यावर उतरणार आणि मी ही अशी लिंपून तिला बघायला जाणार, हे काही खरं नाही. डबी बंद केली, तोंड साबणाने धुतलं आणि आखूड बाह्यांचा सदरा घालून निघाले. बसमध्ये सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले, हेही सांगते. एकदम शूर झाले नव्हते.

तळ्यापलीकडे पाण्याच्या टेबलाजवळ उभी राहिले. पेले भरणारी मुलगी एकटीच होती, तिने वर न बघता म्हटलं, "काकू, जरा हात लावता का?" लावला. माझ्या हातांवरचे डाग बघूनही लोक पेले घेत होते. पळणाऱ्याला तहान लागलेली असते, त्याला बाकी काही दिसत नाही. मला हे ठाऊक असायला हवं होतं.

आणि तेवढ्यात दोरीपलीकडून दादा आला.

हो, तुझा बाबा. आंघोळीचं निमित्त करून मागच्या जिन्याने सटकला होता म्हणे. तुझ्यासारखं त्याला ओळखायला अवघड गेलं नाही, हा चेहरा त्याने पाहिलेला आहे. दोन पावलांवर थबकला. म्हणाला, "तू? आणि अशी?"

"अशीच," मी म्हटलं.

"अगं, पण तोंडाला काहीतरी... इतके लोक..."

"दादा, लोकांना पाणी द्यायचंय. मध्ये उभा राहू नकोस. ट्रे धर."

त्याने ट्रे धरला. अर्धं पाणी सांडलं. मी म्हटलं, "आणि ऐक. आता तुझी लेक येईल. तिला कुणी काही ओरडलं तरी तू कुणालाही मारायचं नाहीस. तिने तुला मारायला सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नव्हतं." तो तोंड वाकडं करून रडायला लागला, तस्सा, खाटेवर बसून रडला होता तसाच. या वेळी मी त्याला काहीही देऊन टाकलं नाही. रडू दिलं.

तू वळणावरून आलीस तेव्हा तो मंडपाच्या खांबामागे लपला. एवढा मोठा माणूस, दोन्ही बाजूंनी दिसत होता. तू मात्र सरळ माझ्याकडे आलीस, माझ्या डोळ्यांत बघितलंस, पेला घेतलास. मी एक शब्द बोलले असते तर तू ओळखलं असतंस. ओठांवर आलाही होता. पण पळणाऱ्याला हाक मारून थांबवायचं नसतं. तू गेलीस आणि तो खांबामागून ओरडायला लागला, "पळ, पळ!" घसा फाटेपर्यंत. तो फाटका आवाज तुझ्या बापाचा.

संपल्यावर तुझ्याभोवती इतकी गर्दी होती की आम्ही दोघं लांबूनच बघत राहिलो. मला भेटायचं होतं, पण तुझा तो क्षण मला माझ्या गोष्टीने भरायचा नव्हता. दादा म्हणाला, "घरी चल." मी म्हटलं, "आज नको." त्याने विचारलं, "रागावलीस?" मी म्हटलं, "हो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला हो म्हटलं, आणि आम्ही दोघंही उभे राहिलो, काही कोसळलं नाही. मग त्याने मला थांब्यापर्यंत सोडलं. वाटेत माझ्या डाव्या बाजूने चालत होता, रस्त्याच्या बाजूने, लोकांनी बघू नये म्हणून. लक्षात आल्यावर आपणहून उजवीकडे आला.

थांब्याला वळलो तर माझी बस सुटत होती. दादा म्हणाला, "जाऊ दे, पुढची मिळेल."

भिंगरी, मी पळाले. पिशवी दादाच्या हातात तशीच राहिली, ती घेऊन ठेव. दुपारच्या उन्हात, भर रस्त्यात, सगळ्या माणसांच्या देखत, या वयात. पहिल्या चार-पाच ढांगा लाकडासारख्या पडल्या, मग पायांना आपोआप आठवलं. मी बसच्या मागच्या चाकाजवळ पोचले, मग दाराजवळ, आणि मग, अगं, मी दाराच्याही पुढे गेले, ड्रायव्हरच्या खिडकीपाशी, आणि तिच्यावर थाप मारली. त्याने ब्रेक दाबला. खाली वाकून बघितलं. माझा चेहरा नीट बघितला, डागांसकट, घामासकट. म्हणाला, "काकू, पळता की!"

मी म्हटलं, "पळते."

त्याने आवाज ओळखला. बसमधल्या दोघा-तिघांनीही ओळखला, माना वळल्या. या वेळी मी खिडकीकडे तोंड केलं नाही.

तू पोस्टरला नाही म्हणालीस ते फार बरं केलंस. काउंटर सोडू नकोस. तुला परत तळघरात पाठवलं तर मला कळव, मी गिऱ्हाईक म्हणून येईन आणि तुझ्याशिवाय कुणाकडून काही घेणार नाही म्हणेन, मोठ्याने. मोठ्याने बोलायची मला सवय आहे.

शनिवारी येतेय. वहिनीला सांग. दादाला सांगू नकोस, तो दिवसभर येरझाऱ्या घालेल. आणि दार उघडून मला "कोण पाहिजे?" असं विचारलंस, तर कान उपटीन.

तुझी,
आत्या